वर्कशॉपच्या जागेवर घर बांधायचंय? शेड पाडण्याआधी जमीन तपासा

प्रश्न : आमची कोल्हापुरात चार गुंठे जागा आहे. सासऱ्यांनी १९७४ साली तिथे वर्कशॉप काढलं. पुढे लेथ होते आणि मागच्या कोपऱ्यात बरीच वर्षं क्रोम आणि झिंक प्लेटिंग (धातूवर मुलामा चढवणं) चालायचं. २००९ पासून शेड बंद आहे. वर सिमेंटचे पत्रे आहेत, अंगणात जमिनीखाली डिझेलची टाकी आहे, आणि एक विहीर होती ती कधीतरी बुजवली. एका बाजूला खोलगट भाग होता, तिथे फौंड्रीची काळी वाळू टाकून भर घातल्याचं घरचे सांगतात. आता आजूबाजूला सगळी घरंच झाली आहेत, त्यामुळे आम्हालाही दुमजली घर बांधायचं आहे. ठेकेदार म्हणतात, "शेड पाडू, तोच राडारोडा खड्ड्यांत घालू, वर दोन फूट मुरूम टाकून रोलर फिरवू आणि पाया घेऊ." सासूबाईंना मात्र या जागेत नातवंडं वाढवणं बरं का, याची काळजी वाटते. मागच्या बोअरचं पाणी वापरावं का आणि परसात भाजी लावता येईल का, तेही सांगा.

उत्तर : ताई, सासूबाईंची काळजी रास्त आहे, आणि तरीही या जागेवर घर होऊ शकतं. ठेकेदारांनी सांगितलेल्या पद्धतीने मात्र करू नका. त्या पद्धतीत दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली, जमिनीत काय मुरलंय ते न बघता त्यावर मुरूम पसरायचा. दुसरी, पोकळ भरावावर पाया टेकवायचा. पहिलीचा त्रास तब्येतीला आणि दुसरीचा भिंतींना, आणि दोन्ही गोष्टी घर बांधून झाल्यावर दुरुस्त करायला फार महाग पडतात.

सगळ्यात आधी, शेड इतक्यात पाडू नका. प्लेटिंगच्या टाक्या कुठे होत्या, धुतलेलं पाणी कोणत्या नाल्यातून कुठे जायचं, हे आज त्या फरशीवर दिसतंय. एकदा जेसीबी फिरला की चांगली माती, खराब माती, विटा आणि पत्र्यांचे तुकडे असं सगळं एकत्र होतं. मग एका कोपऱ्यापुरती असलेली घाण चार गुंठ्यांभर पसरते आणि ती वेगळी काढणं जवळजवळ अशक्य होतं.

म्हणून पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. जागेचा मोजणी नकाशा घ्या आणि त्यावर जुनं वर्कशॉप उभं करा. शक्य असेल तर तिथे काम केलेले एक-दोन जुने कामगार बोलवा, त्यांच्याइतकी माहिती कुठल्याच कागदावर नसते. त्यांना नेमकं विचारा : ॲसिडची टाकी कुठे होती? क्रोमची कुठे, झिंकची कुठे? झिंकचं काम सायनाइडच्या बाथमध्ये व्हायचं का? (जुन्या काळात बहुतेक ठिकाणी तसंच व्हायचं.) माल धुतलेलं पाणी गटारात जायचं, शोषखड्ड्यात की थेट विहिरीत? ग्रीस काढायला 'ट्राय' म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन वापरायचे का? खराब झालेलं तेल कुठे ओतायचे? टाक्यांच्या तळाचा गाळ काढून कुठे टाकायचे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा "मागच्या कुंपणाला" किंवा "विहिरीत" असं असतं.

मग फरशी बघा. कोबा खरवडल्यासारखा झाला असेल आणि खडी उघडी पडली असेल, तर तिथे ॲसिड सांडत होतं. भिंतीच्या पायथ्याला किंवा फरशीच्या सांध्यात पिवळसर, नारिंगी डाग किंवा पिवळे स्फटिक दिसले तर तो क्रोम असण्याची दाट शक्यता आहे. निळसर-हिरवे डाग तांबं किंवा निकेल सुचवतात. काळी, चिकट, वास येणारी माती म्हणजे तेल. हे सगळं नकाशावर मांडा आणि फोटो काढून ठेवा. शेडमध्ये जुने कॅन, पिंपं, पुड्या सापडल्या तर त्यांना हात लावू नका, एकत्र ओतू नका, गटारात सोडू नका. सायनाइडच्या मिठावर ॲसिड पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, आणि बंद शेडमध्ये तो माणसाला मिनिटांत मारू शकतो. असा माल धोकादायक कचऱ्यात मोडतो. तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला कळवून अधिकृत वाहतूकदारामार्फतच हलवावा लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. मिळकत पत्रिका आणि झोन दाखला काढा. आजूबाजूला घरं झाली म्हणून तुमची जागा आपोआप निवासी होत नाही. विकास आराखड्यात ती औद्योगिक पट्ट्यात असेल तर निवासी वापरासाठी आधी नगररचना विभागाची परवानगी लागेल, आणि २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतल्या अटी लागू होतील. औद्योगिक वीजजोड कायमचा बंद करून त्याचा दाखला घ्या, प्रदूषण मंडळाचं जुनं संमतीपत्र सापडलं तर जपून ठेवा. त्यात कोणती रसायनं वापरात होती ते लिहिलेलं असतं आणि प्रयोगशाळेला तेच उपयोगी पडतं.

आता मातीची तपासणी. हा भाग कुणाच्याही सांगण्यावरून गाळू नका.

तुमच्या वर्णनावरून सहा खड्डे पुरेसे वाटतात : प्लेटिंगच्या कोपऱ्यात दोन, सांडपाणी जिथे बाहेर पडायचं तिथे एक, डिझेलच्या टाकीजवळ एक, काळ्या वाळूच्या भरावात एक, आणि सहावा जिथे कधीच काही झालं नाही अशा पुढच्या कोपऱ्यात. हा सहावा खड्डा वायफळ वाटेल, पण अहवाल समजतो तो त्याच्यामुळेच. आपली जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्या मातीत तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतात. स्वच्छ कोपऱ्याचा आकडा हाताशी नसेल तर परदेशी मर्यादेशी तुलना करणारा अहवाल चांगल्या मातीलाही दूषित ठरवेल. स्वच्छ कोपऱ्यात क्रोमियम समजा किलोमागे शंभर मिलिग्रॅम आणि प्लेटिंगच्या कोपऱ्यात दोन हजार असेल, तर मात्र ते निसर्गाचं नव्हे.

प्रत्येक खड्डा भराव संपून मूळ जमीन लागेपर्यंत आणि तिच्यात आणखी अर्धा मीटर खणायचा. दीड मीटरच्या खाली गेलात तर कडांना आधार दिल्याशिवाय कुणीही आत उतरायचं नाही, आणि वास येत असेल तर त्याहून उथळ खड्ड्यातही नाही. काळ्या वाळूत तर हे कटाक्षाने पाळा, कारण सुकी फौंड्रीची वाळू कड धरत नाही, भसकन खाली येते. खड्ड्याच्या कडेला टेप लावून फोटो काढा. किती फुटांपर्यंत वाळू, कुठे राख, कुठे विटांचे तुकडे, कुठे काळी माती, कुठे मुरूम, हे थर नंतर पायाच्या इंजिनिअरलाही लागणार आहेत.

नमुने थरागणिक वेगळे घ्या : वरचे १५ सेंटिमीटर, मग अर्धा मीटर, मग एक मीटर, आणि शेवटचा मूळ जमिनीतला. सगळ्या खड्ड्यांची माती कालवून 'एक सरासरी नमुना' देण्याचा मोह प्रयोगशाळेचे पैसे वाचवण्यासाठी होतो. त्यात घाण कोपऱ्याचा आकडा चांगल्या मातीत विरघळून जातो आणि अहवाल निर्दोष येतो. तेल किंवा सॉल्व्हंटची शंका असलेले नमुने प्लास्टिकच्या पिशवीत नको, काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत काठोकाठ भरून बर्फाच्या पेटीत पाठवा. प्रत्येक नमुन्याआधी खुरपं धुवा.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची असावी, आणि मान्यता याच चाचण्यांसाठी आहे ना ते विचारा. मागायच्या चाचण्या : पीएच, सल्फेट, क्लोराइड, एकूण क्रोमियम आणि वेगळं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, निकेल, तांबं, झिंक, शिसं, कॅडमियम, सायनाइड, आणि टाकीजवळच्या नमुन्यांत पेट्रोलियम हायड्रोकार्बन. 'ट्राय' वापरल्याचं कळलं तर सॉल्व्हंटचीही. क्रोमियम दोन प्रकारे मोजायला का सांगतोय, तर साधं त्रिसंयुजी क्रोमियम मातीला घट्ट धरून बसतं, फारसं हलत नाही. प्लेटिंगच्या बाथमधलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पाण्यात सहज विरघळतं, पावसाबरोबर खाली उतरतं, त्वचेला जखमा करतं, आणि त्याची धूळ श्वासात गेली तर कॅन्सरचा धोका असतो. तमिळनाडूतल्या राणीपेटला क्रोमेट कारखान्याच्या आवारात पडून राहिलेल्या कचऱ्याने भूजल कसं पिवळं केलं, ते तीन दशकांपासून देशासमोर आहे. तुमच्या कोपऱ्यातलं प्रमाण त्याच्या कणभरही नसेल, पण रसायन तेच आहे.

अहवाल आल्यावर तीन शक्यता असतात. कुठेच काही लागलं नाही तर उत्तमच. एका कोपऱ्यात, ठरावीक खोलीपर्यंत घाण सापडली, तर ती खणून काढायची. छोट्या वर्कशॉपमध्ये बहुतेकदा हेच निघतं. पण हेक्झाव्हॅलंट क्रोमियम मूळ मुरमात उतरलं असेल किंवा बोअरच्या पाण्यात आलं असेल, तर पर्यावरण सल्लागार नेमा आणि प्रदूषण मंडळाला कळवा. अशा वेळी घराचं काम एक वर्ष पुढे ढकलावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मातीत रसायन मिसळून हेक्झाव्हॅलंट क्रोमियम निरुपद्रवी प्रकारात आणता येतं, मात्र ते मात्रा मोजून करण्याचं तज्ज्ञाचं काम आहे. फेरस सल्फेटची पोती आणून घरच्या घरी पाणी मारण्यातला प्रकार नव्हे.

दुसऱ्या शक्यतेचा हिशोब करून दाखवतो. समजा ३ मीटर × ४ मीटरचा तुकडा १ मीटर खोल काढायचा आहे. म्हणजे १२ घनमीटर. खणलेली माती फुगते, ती २५ टक्के धरली तर १५ घनमीटर, ठेकेदाराच्या भाषेत सव्वापाच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). वजन सुमारे वीस-एकवीस टन, म्हणजे दोन-तीन खेपा. एवढ्याच कामासाठी लोक पूर्ण जागेवर दोन फूट मुरूम टाकायला निघतात. चार गुंठ्यांवर दोन फूट मुरूम म्हणजे दबून जवळजवळ ८७ ब्रास! काढलेली माती जाड ताडपत्रीवर ठेवा, वरूनही झाका. ती कुणालाही 'भरावाला' देऊ नका. धोकादायक ठरली तर तिची जागा तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी इथल्या अधिकृत विल्हेवाट केंद्रांसारख्या ठिकाणी, आणि पावती जपून ठेवायची. खड्ड्याच्या चारही कडांचा आणि तळाचा नमुना पुन्हा तपासल्याशिवाय तो बुजवायचा नाही. ही फेरतपासणी पुष्कळ जण करत नाहीत, आणि मग कडेला राहिलेली घाण तशीच घराखाली जाते. हे सगळं काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याच्या आत संपवा. कोल्हापूरच्या पावसात उघडा खड्डा म्हणजे घाण पाण्याचं तळं.

आता पाडकाम, आणि ते वरून खाली.

सिमेंटचे पत्रे म्हणजे बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस सिमेंटचे. अखंड पत्रा फारसा त्रास देत नाही, फुटलेला देतो. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात अडकतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी उभा राहतो. म्हणून जेसीबीने शेड ढकलायची नाही. पत्र्यांवर पाणी फवारायचं, जे-हुक सोडवायचे, गंजलेला हुक बोल्ट-कटरने तोडायचा (ग्राइंडर लावायचा नाही), आणि पत्रा अखंड खाली उतरवायचा. जुना पत्रा पाय ठेवताच फुटतो आणि माणूस सरळ खाली येतो, त्यामुळे कामगाराने आधाराच्या फळ्यांवरच चालायचं, कमरेला पट्टा बांधायचा. साधा रुमाल किंवा कापडी मास्क उपयोगाचा नाही, घट्ट बसणारा एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा हवा. उतरवलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून अधिकृत ठिकाणी द्या. गोठ्यासाठी कुणी मागितले तरी देऊ नका, आणि तुकडे राडारोड्यात मिसळू देऊ नका.

डिझेलची टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त धोक्याची. गॅस-कटर लावला की स्फोट. उरलेलं तेल आणि तळाचा गाळ उपसून, टाकी वायुमुक्त केल्याची मीटरने खात्री करून, मगच ती उचलायची. काढल्यावर तळाखालची आणि भरणीच्या पाइपाखालची माती बघा, कारण गळती बहुतेक वेळा तिथेच झालेली असते.

राडारोडा वेगळा करूनच पाडा : काँक्रीट, विटा, लोखंड, लाकूड. पुढच्या भागातल्या स्वच्छ विटा आणि काँक्रीट फोडून रस्त्याखाली किंवा अंगणात वापरायला हरकत नाही. प्लेटिंगच्या खोलीतल्या विटा मात्र पुन्हा बांधकामात नकोत. त्यात ॲसिडची मिठं मुरलेली असतात. नव्या भिंतीला पहिल्याच पावसाळ्यात लोणा लागतो आणि गिलावा पोपडे धरून सुटत राहतो, कितीही रंग दिला तरी.

पायाचा भाग आता. ठेकेदारांच्या योजनेतली दुसरी चूक इथे आहे. विटांच्या तुकड्यांच्या भरावात पोकळ्या राहतात. पाऊस मुरला की बारीक माती त्या पोकळ्यांत उतरते आणि वरची जमीन खचते. रोलर वरून फिरवला तरी त्याचा दाब वीसेक सेंटिमीटरपर्यंतच नीट पोहोचतो, खालची दीड-दोन फूट भर तशीच पोकळ राहते. त्यात तुमच्या जागेत एकीकडे काळी वाळू, एकीकडे विहीर, आणि पुढे लेथखाली काँक्रीटचे जाड ठोकळे असणार. घराचा एक कोपरा ठोकळ्यावर आणि दुसरा वाळूवर टेकला की एक बाजू जागची हलत नाही, दुसरी बसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली की हेच झालंय असं समजायचं. नुसती जमीन सगळीकडे सारखी मऊ असती तर घर सारखं बसलं असतं आणि एवढं बिघडलं नसतं.

म्हणून भू-तांत्रिक तपासणी, म्हणजे जमीन किती वजन पेलेल याची तपासणी, वेगळी करा. दुमजली घराला तपासणीचे दोन-तीन बोअर पुरतात, पण त्यातला एक काळ्या वाळूच्या सर्वांत खोल भागात हवा. नियम साधा आहे : प्रत्येक फुटिंग (कॉलमखालचा पाया) भराव ओलांडून मूळ मुरमात किंवा कच्च्या खडकात टेकलं पाहिजे. भराव चार-पाच फूट असेल तर फुटिंग तेवढं खाली न्यायचं, कॉलम लांब करायचे आणि जोत्याला प्लिंथ बीमने सगळे कॉलम बांधून घ्यायचे. भराव दहा फुटांपर्यंत गेला तर पाइलचा (जमिनीत खोल नेलेल्या खांबांच्या पायाचा) विचार करावा लागतो. तिथे इंजिनिअरचं ऐका, ठेकेदाराचं नको. मशीनचे काँक्रीट ठोकळे फुटिंगच्या आड येत असतील तर ब्रेकरने पूर्ण फोडून काढा, अर्धा ठोकळा तसाच ठेवून त्यावर फुटिंग घेऊ नका.

विहिरीची नेमकी जागा आधी शोधा. खणूनच शोधावी लागेल, कुणाच्या आठवणीवर विसंबू नका. आत काय टाकलंय त्याचाही नमुना घ्या, कारण विहीर म्हणजे भूजलापर्यंत जाणारा सरळ रस्ता आहे. घराचा नकाशा असा बसवा की विहीर मोकळ्या अंगणात येईल. फुटिंग तिच्या काठापासून किमान दोन-तीन मीटर लांब असावं. नक्की अंतर तिची खोली आणि बांधणी पाहून इंजिनिअर ठरवतील. आतली भर सैल असेल तर कचरा आणि गाळ काढून तळाला मोठे दगड, वर लहान, मग मुरूम वीस-वीस सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून ठोकून भरायचा आणि वर आरसीसीचं झाकण. वाहन उभं करायची जागाही तिच्यावर नको.

तळमजल्याची फरशी भरावावर टाकली तर कॉलम जागेवर राहतात आणि फरशी मधेच खाली बसते. दरवाजे घासू लागतात, स्कर्टिंगखाली फट दिसते. भर चांगली दबलेली नसेल तर तळमजल्यालाही प्लिंथ बीमवर आधारलेला स्लॅबच घ्या. खर्च वाढतो, पण तुमच्यासारख्या जागेवर तो आम्ही करायलाच सांगू. नवी भर घालायची ती चांगल्या मुरमाची, १५-२० सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर प्रॉक्टर घनतेच्या (प्रयोगशाळेत त्या मुरमाची काढलेली कमाल घनता) ९५ टक्क्यांपर्यंत दाबून, आणि चाचणी घेऊनच पुढचा थर.

मातीचा सल्फेटचा आकडा सिमेंट ठरवताना लागतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे मातीत एकूण सल्फेट ०.२ टक्क्यांच्या आत आणि भूजलात लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर खास सिमेंटची गरज नाही. त्याच्या वर गेला तर स्लॅग सिमेंट किंवा सल्फेटरोधक सिमेंट, आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.५० च्या वर जाऊ द्यायचं नाही. क्लोराइड जास्त असेल तर मात्र सल्फेटरोधक सिमेंट आपल्या मनाने निवडू नका. सळईच्या गंजण्याच्या बाबतीत ते कमी पडतं, तिथे स्लॅग सिमेंट बरं. जमीन आम्लधर्मी असेल तर फुटिंगच्या सळईला ७५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर, खाली जाड प्लास्टिक आणि बाहेरून डांबरी लेप द्या.

तेल किंवा 'ट्राय'ची माती थोडीशीही राहिली असण्याची शंका असेल तर तळमजल्याखाली सहा इंच २० मिमी खडीचा थर, त्यात छिद्रं पाडलेले चार इंची पाइप आणि ते गच्चीच्या वर नेलेले, अशी सोय करा. वाफ घरात न येता वर निघून जाते. ओल अडवणारं साधं प्लास्टिक सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. पिण्याच्या पाण्याचा प्लास्टिक पाइपही अशा मातीतून नेऊ नका. नेदरलँड्समधल्या लेकरकर्कला रासायनिक कचऱ्याच्या भरावावर वसाहत बांधली होती. सॉल्व्हंट मातीतून पाइपात झिरपून नळाच्या पाण्यात आले आणि १९८० मध्ये अडीचशेहून अधिक घरं रिकामी करावी लागली. तुमच्याकडे पाण्याची लाइन पुढच्या, स्वच्छ बाजूने जमिनीवरून भिंतीलगत आणता येईल.

ठेकेदारांशी लेखी करार करताना चार गोष्टी त्यात हव्यात : खोदाईचा दर ब्रासवर, म्हणजे अनपेक्षित काही निघालं तर भांडण नको. प्रत्येक फुटिंगचा खड्डा इंजिनिअरने पाहिल्याशिवाय पीसीसी (तळाचा साध्या काँक्रीटचा थर) नाही. बाहेरून येणारा मुरूम कुठल्या खाणीतला ते आधी सांगायचं. आणि जागेतला राडारोडा घराखालच्या भरावात वापरायचा नाही. प्लेटिंगच्या कोपऱ्यात काम करणाऱ्यांना गमबूट, रबरी हातमोजे आणि साबण-पाण्याची सोय द्यायची. ती तुमची जबाबदारी आहे, आणि लहान मुलांना तोवर जागेवर नेऊ नका.

आता बोअर. तपासणीपर्यंत त्याचं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला आणि भाजीलाही नको. उकळून धातू जात नाहीत, पाणी आटल्याने उलट त्यांचं प्रमाण वाढतं. नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन थंड ठेवा आणि २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकानुसार एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, निकेल ०.०२, शिसं ०.०१, सायनाइड ०.०५ ही मर्यादा आहे. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर, अशी दोनदा तपासणी करा, कारण पाण्याची पातळी चढली की वरच्या थरातली घाण त्यात उतरते. आणि पावसाचं पाणी साठवायचंच असेल तर टाकीत साठवा. शोषखड्डा करून किंवा जुन्या विहिरीत सोडून ते मुरवू नका. इतर ठिकाणी ती चांगली सवय आहे, तुमच्या जागेत मात्र माती स्वच्छ झाल्याचा अहवाल हातात येईपर्यंत ते पाणी क्रोम खाली ढकलेल.

परसात भाजी होईल. प्लेटिंगचा कोपरा आणि काळ्या वाळूचा भाग सोडून जागा निवडा. तिथल्या जुन्या मातीवर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड अंथरा आणि वर बाहेरून आणलेली, तपासलेली चांगली माती घाला : भाजी आणि हिरवळीला ६० सेंटिमीटर, शेवगा-लिंबासारख्या झाडांना एक मीटर. पालेभाज्या जमिनीतले धातू जास्त ओढतात आणि पानांवर धूळही बसते, म्हणून मेथी, पालक, चाकवत पहिली दोन वर्षं विटांच्या उंच वाफ्यातच लावा, आणि त्यांना पाणी नळाचं घाला.